वाणगावची मिरची आणि मोझॅकचा विषाणू

पश्चिम रेल्वेवर बोईसर सुटलं की पुढचं स्टेशन वाणगाव. डहाणू तालुक्यातल्या या गावाचं नाव बाजारात घेतलं जातं ते मिरचीमुळे. आणि मिरची म्हटली की ‘व्हायरस आला’ ही धास्ती आलीच.

या दोन शब्दांत शेतकरी दोन वेगळे रोग एकत्र करतो. पानं वाटीसारखी आकसवणारा कोकडा पांढरी माशी पसरवते; त्याचा विषाणू डीएनएचा. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उठले, पान अरुंद झालं, झाड खुजं राहिलं, तर तो बहुधा मोझॅक. त्यामागचा एक मोठा गुन्हेगार आरएनएचा आहे: कुकुंबर मोझॅक व्हायरस. १९१६ मध्ये तो काकडीवर नोंदला गेला, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात तो १२०० हून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो. जळगावच्या केळीवरचा ‘सीएमव्ही’ तो हाच.

त्याचे सुमारे ३५ हजार कण ओळीने मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. जवळ सामान किती? आरएनएचे तीन मुख्य तुकडे आणि त्यांवर पाच प्रथिनांचा आराखडा. बाकी सगळं मिरचीचं.

करोनाचा विषाणू माणसाच्या पेशीवरच्या विशिष्ट प्रथिनाला चिकटून आत शिरतो. वनस्पतीच्या पेशीला मात्र जाड भिंत असते. ती मोझॅकच्या विषाणूला फोडता येत नाही. मावा ही बारीक कीड चव पाहण्यासाठी सोंड खुपसते, तेव्हा विषाणूला वाट मिळते. आत गेल्यावर त्याचं आरएनए पेशी स्वतःचाच निरोप समजून वाचते आणि विषाणूची प्रथिनं बनवू लागते. त्यातली दोन प्रथिनं पेशीतल्या रसाच्या पिशवीच्या पडद्यावर बसून आरएनएच्या प्रती काढतात. तिसरं प्रथिन पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाहिन्यांतून त्या शेजारी पोचवतं.

मिरची हे निमूटपणे सोसत नाही. प्रती निघताना आरएनएची दुपदरी साखळी तयार होते. पेशी ती ओळखते, तिचे २१-२२ अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या आधारे विषाणूचं आरएनए शोधून कापते. फार देखणी व्यवस्था आहे ही! पण विषाणूचं ‘२बी’ नावाचं प्रथिन नेमके तेच तुकडे पकडून ठेवतं आणि बचाव लुळा पडतो. पाचवं प्रथिन नव्या कणांचं आवरण होतं.

विषाणूचा प्रभाव झाडाबाहेरही जातो. भोपळावर्गीय वेलावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोगट वेलाचा वास माव्याला ओढून घेतो. रस मात्र बेचव लागतो, म्हणून मावा लगेच उडून निरोगी वेलावर जातो, असं त्यात दिसलं. विषाणूला हवं असतं तेही इतकंच.

इथेच फवारणीचा पैसा वाया जातो. माव्याला विषाणू उचलायला आणि सोडायला काही सेकंद ते मिनिटभर पुरतं. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. विषाणू पेशीचीच यंत्रणा वापरतो, त्यामुळे रोगट झाड बरं करणारं औषध शेतात उपलब्ध नाही.

म्हणून बागायतदारांनी रोपं बारीक जाळीखाली वाढवावीत, माव्याला बिचकवणारं चंदेरी मल्चिंग अंथरावं, कडेने मका किंवा ज्वारी लावावी. चट्ट्यांचं पहिलं झाड दिसताच ते उपटावं आणि बांधावर न टाकता पुरून टाकावं.