पाण्याचा धडा कोणी कोणास शिकवावा?



पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. तासिका ५० होत्या, त्यांपैकी प्रत्यक्ष नदी, शिवार वा वस्ती पाहण्यासाठी अवघ्या ५! निसर्ग कसा टिकवावा हे विद्यार्थी पाठ करतो. कोणासाठी टिकवावा, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाला नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या शेतकऱ्यांनी त्याच सुमारास हात घातला होता. वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेपटापर्यंत पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना संघटित केले. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावे, पाणीपट्टी आपणच गोळा करावी, वाटपाचे नियम आपणच ठरवावे, हा त्यांचा व्यवहार. ओढ्यांवर बंधारे घालून त्यांनी विहिरींनाही पाणी दिले. जमिनीत पाणी मुरविण्यासाठी ताली-बंधारे बांधावेत, असे जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्येच सुचविले होते. संस्थेने त्यांचे नाव घेतले ते उगाच नव्हे. पुढे २००५ मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्यभर झाला. आधी कृती घडली, कायदा मागाहून आला.

म्हणून पर्यावरणाचा वर्ग कालव्यावर भरला पाहिजे. गंगापूर धरणाच्या परिसरात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. शेतकरी आणि कामगारही त्याचे विद्यार्थी. त्यांच्या अनुभवाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले, तर ही गंगा घरांकडून विद्यापीठाकडेही वाहील.

परंतु ओझरला जाऊन केवळ स्तुती करून परतणे हेही शिक्षण नव्हे. पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशी जोडलेले आहे. त्याच पाण्यावर पिकणाऱ्या द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या भूमिहीन मजूर स्त्रीला त्या सभेत मत नाही. तिचा पाण्यावर हक्क कोणता? हा प्रश्न ज्या दिवशी उत्तरपत्रिकेत उतरेल, त्या दिवशी पर्यावरणाचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होईल. तो उतरविण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या महाविद्यालयात धरला पाहिजे.