ठासणीच्या बंदुकीचा दस्ता

(सोसायटीच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेच्या गोष्टी दरवर्षी सांगतो, म्हणून आज वेगळा विषय. आमच्या गावच्या घरी ठासणीची एकनळी बंदूक होती. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ही काही नवलाची वस्तू नव्हे. भाताला रानडुक्कर, नारळाला माकडं, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

१९६४ साली ऐन भात पिकताना तिचा दस्ता तडकला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ती परवाना असलेल्या कारागिराकडे घेऊन गेले. मी शाळकरी, त्यांच्या मागोमाग. मला वाटलं, लाकडात पन्हळ कोरली, नळी ठेवली, झालं! पण नळी मागे जाड, पुढे निमुळती. त्याने आधी खाच मुद्दाम अरुंद कोरली. मग दिव्याची काजळी तेलात कालवून नळीच्या खालच्या अंगाला अगदी पातळ पुसली. नळी खाचेत दाबली, सरळ वर उचलली. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं, की पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. आधी दोन-तीनच ठिपके उमटत होते. ते वाढत जाऊन सगळी खाच सारखी काळी झाली, की नळी बसली. एकदा जास्त निघालेलं लाकूड परत लावता येत नाही!

दुसऱ्या दिवशी अण्णा वैतागले. रात्री डुकरांनी दोन कुणगे लोळवले होते. "अरे, मोगरीने ठोक आणि बसव."

तो मान वर न करता म्हणाला, "अण्णा, वाईच दम धरा. नळी मागे नीट टेकली नाही तर बाराचा धक्का एकाच जागी बसंल. दस्ता परत फुटंल, आणि गाल तुमचा असंल."

तिसऱ्या दिवशी त्याने नळी आणि लाकडाच्या सांध्यावरून नख फिरवलं. मलाही फिरवायला लावलं. कुठे अडलं नाही. (बँकेत पाच पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसायचो, तेव्हा तो माणूस हटकून आठवायचा.)

अण्णा गेले, परवाना त्यांच्या नावाचा. माझ्या बदल्या, भाऊ मुंबईत. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदार नंबर उतरवून घेत होते, तेवढ्यात मी सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. तसाच होता. आता त्या कुणग्यांत डुकरं खुशाल फिरतात आणि तांदूळ आम्ही खालच्या दुकानातून आणतो.