एक राग, महिनाभर
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘शास्त्रीय संगीत ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे थोर गायक-वादकांची लांबलचक यादी. दुसरं, ‘आधी कान तयार करा.’ यादी बघून माणूस दबतो, आणि कान तयार कसा करायचा हे कुणी सांगत नाही. तरीही बिचारा एखाद्या मैफिलीला जातो. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून पुटपुटतात, ‘वा, काय शुद्ध कल्याण लावलाय!’ याला वाटतं, आपल्याला रागाचं नाव ओळखता येत नाही, म्हणजे आपण नापास. पुढच्या वेळी तो घरीच बसतो.

माझं म्हणणं असं की नाव ओळखणं ही शेवटची पायरी आहे. आधी थोडं ऐका आणि तेच पुन्हा पुन्हा ऐका. दहा राग एकेकदा ऐकण्यापेक्षा एक राग दहा वेळा ऐकलेला बरा. ख्यालगायक तरी काय करतो? बंदिशीच्या दोन-चार ओळी घेतो आणि अर्धा-पाऊण तास त्यांच्याकडेच परत परत येतो. ऐकणाऱ्यानंही तसंच वागावं.

मराठी श्रोता तसा कोरा नसतोच. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून रागदारी नाटकाच्या तिकिटावर आपल्या घरात येते आहे. १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बैठकीतल्या चिजांच्या चालींवर पदं बांधली. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये जितेंद्र अभिषेकींनी तर आपल्यासारख्यांसाठी एक धडाच करून ठेवला आहे. ‘घेई छंद’ हे पद तिथे दोन चालींत आहे, एक धानी रागात आणि दुसरी सालगवराळीत. दोन्ही लागोपाठ ऐका. शब्द तेच, कवी तोच, नाटक तेच, आणि तरीही माणूस बदलल्यासारखा वाटतो. हा जो बदल जाणवला, तो रागानं घडवला. व्याख्या पाठ करण्याआधी एवढा अनुभव पुरेसा आहे.

यानंतर जुन्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांकडे वळा. आपल्याकडे ग्रामोफोनसाठी गाणं मुद्रित होऊ लागलं १९०२ साली, आणि त्या सुरुवातीच्या मुद्रणांत गायिका गौहरजानचा आवाज होता. तबकडीच्या एका बाजूवर तीनएक मिनिटंच मावायची, त्यामुळे कलावंताला आपलं सगळं तेवढ्यात मांडावं लागे. नवख्याची त्यात सोय अशी की एकच तबकडी पाव तासात चार-पाच वेळा ऐकून होते.

त्यातल्या दोन भैरवी घ्या. एक अब्दुल करीम खाँसाहेबांची, ‘जमुना के तीर’. किराणा घराण्याच्या या गायकानं मिरजेला घर केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्याच्या उरुसात आजही गायन-वादन होतं. दुसरी केसरबाई केरकरांची, ‘जात कहाँ हो’. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात ही भैरवी आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई लहानपणी कोल्हापुरात काही महिने करीम खाँसाहेबांकडेच शिकल्या होत्या. पुढे मात्र त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांची जयपूर-अत्रौलीची तालीम घेतली. करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार. एखाद्या स्वरावर ते असे थांबतात की आपलाही श्वास अडकतो. केसरबाईंचा आकार खुला, भरदार. त्या थांबत नाहीत, लयीला धरून पुढे निघतात. घराणं म्हणजे काय, यावर तासभर ऐकण्यापेक्षा या सहा-सात मिनिटांत जास्त कळेल.

आता बडा ख्याल. बहुतेक लोक इथेच गळतात. ‘फारच संथ आहे हो, काही घडतच नाही!’ घडत असतं, पण कधी घडणार हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून रागाच्या आधी सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, पकडायला शिका. भीमसेन जोशींचा एखादा मोठा ख्याल लावा, मालकंसातला चालेल. त्यांचे बडे ख्याल बहुधा विलंबित एकतालात असतात. मात्रा बारा, पण लय इतकी संथ की एका आवर्तनाला पाऊण मिनिट सहज लागतं. पहिली काही आवर्तनं गाण्याकडे दुर्लक्ष करा आणि फक्त तबला ऐका. धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना. कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. पहिल्यानंतर डग्गा गप्प होतो, दुसऱ्यानंतर पुन्हा घुमतो. दुसरं तिरकिट वाजलं की ओळखा, दोन मात्रांनी सम येणार. त्याच सुमारास गायक कुठेही असो, तारसप्तकात असो की तानेच्या मध्यावर, बंदिशीचा मुखडा उचलतो आणि समेवर येतो. स्वयंपाक करणाऱ्याला कुकरची शिट्टी कधी होणार हे जसं आतूनच कळतं, तसं काही दिवसांनी हे तुम्हाला कळू लागेल. मग संथपणा जाचत नाही, कारण आता तुम्हीही वाट बघत असता. सभागृहात एकदम माना हलतात त्या याच जागी. तुमचीही हलेल, आणि ती दुसऱ्याकडे बघून हललेली नसेल.

सम सापडू लागली की रागाकडे या. इथे माझी शिफारस भूप. स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध, सगळे शुद्ध. ऐकायचा तो किशोरीताई आमोणकरांचा भूप, ज्यात ‘सहेला रे’ ही बंदिश आहे. महिनाभर हाच ऐका. कंटाळा आला तर दुसऱ्या घराण्याच्या गायकाचा ऐका, पण राग भूपच. गंधारावर गाणं किती वेळा विसावतं, तिकडे लक्ष असू द्या. मग एका सकाळी देसकार लावा. स्वर तेच पाच, पण इथे मान धैवताचा. गाणं सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात वावरतं. भूप संध्याकाळनंतरचा, देसकार सकाळचा. पाच स्वरांची तीच सामग्री, आणि भूपातली शांत बैठक देसकारात चैतन्यानं उभी राहते. हा फरक कानाला कळला म्हणजे, राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात अमीर खाँसाहेबांचा मारवा घ्या. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. षड्जावर यायला गायक इतका उशीर लावतो की ऐकणारा अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता म्हणजेच मारवा. पूरिया आणि सोहनी हे त्याच स्वरांचे भाऊबंद. त्यांच्याकडे सवडीनं वळा.

ज्यांना गायकीतले शब्द आड येतात त्यांनी वाद्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त सतारीच्या शेवटच्या द्रुत ‘झाला’वर उडी मारू नका, आलाप पूर्ण ऐका. जुगलबंद्या, रागांचे मिनिटाभराचे तुकडे, निव्वळ टाळ्यांसाठी घेतलेल्या ताना, हे सगळं मागे ठेवा. आणि एकदा तरी प्रत्यक्ष मैफील ऐका. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तिथे जाताना सगळे दिवस गाठायची जिद्द नको. एका संध्याकाळी एकच गाणं नीट ऐका आणि उठा.

‘समजायला किती वर्षं लागतात?’ हा प्रश्न आता येणारच. एखाद्या नामवंताचा भूप ऐकून ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, ‘हा मला पटला नाही, गंधाराला जागाच दिली नाही,’ त्या दिवशी तुम्ही श्रोते झालात. तुमचं मत चुकीचं असलं तरी चालेल, पण ते तुमच्या कानानं दिलेलं असेल. मग अशा व्याख्यानांना आला नाहीत तरी माझी तक्रार नाही. तेवढ्या वेळात एक बडा ख्याल पुरा होतो.