वाट पाहून घेतलेलं पातं

(रेडिओवरील भाषण)



माघ महिना चालू आहे. तूर खळ्यावर आली आहे, कपाशीचा शेवटचा वेचा उरकत आला आहे, आणि वऱ्हाडातल्या गावोगावच्या लोहारांना थोडी उसंत मिळाली आहे. ही उसंत फार दिवस टिकायची नाही. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की वखराच्या आणि डवऱ्याच्या पासा, तिफणीचे फण, कुऱ्हाडी यांची त्यांच्या दारात रांग लागते, ती मृग निघेपर्यंत हटत नाही. पुढे सोयाबीनच्या सोंगणीआधी विळ्यांची गर्दी. त्या दिवसांत लोहाराला मान वर करायला वेळ नसतो. म्हणून जन्मभर पुरेल असा एखादा सुरा किंवा कोयता कुणाला हातानं घडवून घ्यायचा असेल, तर तो सांगायचे दिवस आत्ताचे. आणि सांगितल्यावर थांबायचंही असतं. त्या थांबण्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

अमरावती-अकोल्याची बरीच तरुण मंडळी हल्ली सुट्टी मिळाली की चिखलदरा, सेमाडोह, नरनाळा या बाजूला भटकायला जातात. शेताच्या धुऱ्यावर चूल मांडून रात्र काढण्याची हौसही वाढली आहे. त्यासाठी चांगला सुरा हवा असतो. वाळक्या फांदीच्या ढलप्या काढायच्या, तंबूच्या खुंट्या तासायच्या, दोर कापायचा, कांदा चिरायचा, अशी सगळी कामं त्या एकाच पात्याकडून हवी असतात. मोबाइलवर बोट ठेवलं की असा सुरा दोन दिवसांत घरी येतो. तो दिसायला देखणा असतो, पण पुष्कळदा त्याचं पातं मुठीत बोटभरच शिरलेलं असतं. लाकडावर टेकवून वरून दांडक्यानं ठोकला, की तो मुठीशी मोडतो. हे मोडकं पातं घेऊन कुठं जायचं, याचं उत्तर कुणाकडं नसतं. लोहाराच्या हातच्या सुऱ्याला मात्र घर असतं. मूठ सैल झाली, धार गेली, टोक तुटलं, तर ज्यानं तो घडवला त्याच्याच ऐरणीवर तो परत जातो.

आपल्या भागात लोखंडाचं हे ज्ञान फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. विदर्भातल्या त्या काळच्या शिळावर्तुळांत माणसांसोबत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर पुरलेले आढळतात. जिवाभावाच्या माणसाला निरोप देताना त्याचं हत्यार त्याच्याजवळ ठेवावं, इतका मान त्या वस्तूला होता. पुढं बलुतेदारीत लोहार गावाचा झाला. शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्याला धान्य मिळायचं आणि वर्षभर गावाची अवजारं तो सांभाळायचा. याशिवाय रस्त्याकडेला पाल टाकून राहणारे गाडी लोहारही वऱ्हाडानं पाहिले आहेत. चितोड पडल्यावर घरदार सोडून निघालेल्यांचे वंशज, अशी ते आपली ओळख सांगतात. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं परत चितोडगडावर नेलं होतं. त्यांच्यात पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. ते घाव ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना त्या लयीतली ताकद सांगायला नको.

आता सुरा घडतो कसा, ते पाहू. लोहाराच्या हाती आज सहज येतं ते ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद. त्यात कार्बनचं प्रमाण शंभरात अर्ध्या भागाच्या थोडं वर असतं. फाटक-खिडक्यांच्या साध्या लोखंडी पट्टीत ते पाव भागाच्याही आत असतं. एवढ्याशा फरकानं एक लोखंड धार धरतं आणि दुसरं धरत नाही. पाट्याचा तुकडा भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवायचा आणि ऐरणीवर लांबवायचा. रंग उतरून काळपट लाल झाला, की ठोकणं थांबवून तुकडा पुन्हा निखाऱ्यात घालायचा, कारण निवत चाललेल्या पोलादावर घण घातला तर आत बारीक तडे जातात. उलट जास्त तापवलं आणि तुकड्यातून ठिणग्या फुटू लागल्या, तर ते पोलाद जळलं असं समजायचं. जळलेलं पोलाद पुन्हा कामाला येत नाही.

आकार आला की पाणी द्यायचं. खरी परीक्षा इथं असते. पातं आठशे अंशांच्या वर नेऊन एकदम थंड करावं लागतं. लोहाराकडं तापमापक नसतो. तो डोळ्यांनी रंग पाहतो, आणि उन्हात रंग कळत नाही म्हणून भट्टी सावलीत ठेवतो. लोहचुंबकाचाही उपयोग होतो, कारण ७७० अंशांच्या सुमारास तापलेलं पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून थोडं पुढं नेऊन पातं विझवायचं. कमानपाट्याला थेट पाण्यापेक्षा तेल मानवतं. पाण्यात ते एखादे वेळी तडकतं आणि तोवरची सगळी मेहनत वाया जाते.

विझवलेलं पातं फार कडक असतं, पण ठिसूळही. दगडावर पडलं तर दोन तुकडे. म्हणून त्याला घासून उजळ करतात आणि मंद आच देतात. मग पोलादावर रंग चढू लागतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सुऱ्यासाठी पिवळ्या-तपकिरीच्या मध्ये थांबायचं. कुऱ्हाडीला घाव सोसायचे असतात, म्हणून तिच्यासाठी जांभळ्यापर्यंत जायचं. हे रंग पाहता पाहता पुढं सरकतात. एकाच पाट्यातून सुराही निघतो आणि कुऱ्हाडही, आणि दोहोंच्या स्वभावातला फरक लोहार आच कुठं थांबवतो यावर ठरतो. हा निर्णय घ्यायला शिकण्यात त्याची निम्मी हयात गेलेली असते.

काम कोणतं, त्यावर धारेचा कोनही बदलतो. बांबूचंच उदाहरण घ्या. मेळघाटात धारणी तालुक्यात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि कोरकू कारागिरांच्या हाताला बांबूचं काम दिलं. तिथं बांबू सोलणाऱ्या कुणालाही विचारा, पात्याबद्दल तो नेमकं बोलेल. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती धार भराभर खाते. त्यातून बांबू चिरायचा असतो, तोडायचा नसतो. त्यासाठी पातं पाठीकडं जाड आणि धारेकडं उतरतं हवं, म्हणजे ते पाचरीचं काम करतं. पालेभाजी चिरणाऱ्या पावशीचं पातं इथं चालायचं नाही. म्हणून चांगला लोहार सुरा सांगायला आलेल्याला आधी विचारतो, ‘भाऊ, याच्यानं कापसान काय?’ या प्रश्नाचं नीट उत्तर देणारं गिऱ्हाईक त्याला आवडतं.

मुठीचंही तसंच आहे. आपल्याकडं धावडा, तिवस, बाभूळ ही मुठीची लाकडं. धावडा चिवट म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि गाडीच्या आसाला पूर्वीपासून वापरतात. पण लाकूड पुरतं वाळलेलं पाहिजे. ओल्या लाकडाची मूठ बसवली, तर पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या वैशाखात ती आकसते, भेगाळते आणि पातं खुळखुळू लागतं. तेव्हा लोहार ‘लाकूड वाळू द्या’ म्हणाला, तर तो चालढकल करत नाही. तुमच्या सुऱ्याचं पुढचं आयुष्य तो राखत असतो.

परदेशात हाताच्या सुऱ्यांसाठी लोक कसे थांबतात, तेही ऐका. इंग्लंडमध्ये रे मिअर्स या जंगलविद्येच्या शिक्षकाच्या कल्पनेनुसार अ‍ॅलन वुड हे कारागीर एक साधा, साधारण चार इंच लांब पात्याचा सुरा करत. त्यासाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबले. अमेरिकेत १९७६ मध्ये बिल मोरान यांच्या पुढाकारानं सुरे घडवणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिथं कारागिराला मान्यता हवी असेल, तर त्याला आपल्या सुऱ्याची परीक्षा द्यावी लागते. मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात कापायचा. मग इमारती लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची. त्यानंतर त्याच धारेनं, पुन्हा न पाजवता, हातावरचे केस उतरवून दाखवायचे. आणि शेवटी तेच पातं पकडीत धरून नव्वद अंशांत वाकवायचं, ते मोडता कामा नये. धार कडक आणि पाठ लवचीक, हे दोन्ही एकाच पात्यात साधलं तरच माणूस उत्तीर्ण होतो. आपल्या लोहारांना असं प्रशस्तिपत्र कुणी दिलेलं नाही. पण कमानपाट्याचा कोयता वर्षानुवर्षं बाभळीच्या फांद्यांवर चालतो, तेव्हा तो रोजच ही परीक्षा देत असतो.

तिथं लोक थांबतात आणि पूर्ण दाम मोजतात. आपल्याकडं मात्र लोहाराच्या दारात आपण दोन गोष्टी एकदम मागतो, आजच्या आज आणि कमी पैशांत. बाजारातल्या साच्यातून निघालेल्या विळ्याचा भाव सांगून घासाघीस करतो. हे पाहून माझा जीव तुटतो. ज्या भावात आपण त्याला ओढतो, त्यात कोळसा, पाटा, कानशी आणि दिवसाची मजुरी भागत नाही. मग तो काय करणार? आच द्यायची पायरी घाईत उरकणार, किंवा साध्या पट्टीचा सुरा करून देणार. ज्याला हे पटत नाही तो भट्टी विझवून वेल्डिंगच्या दुकानात मजुरीला जाणार. त्याचा मुलगा तर भट्टीजवळ बसायलाच तयार नाही. अशी एक भट्टी विझते, तेव्हा रंग ओळखणारा एक डोळा गावातून जातो, आणि तो परत तयार व्हायला दुसरी हयात लागते.

सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहेत, हत्यारं-अवजारं करणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं दोन हप्त्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. आपल्या गावच्या लोहाराला ही माहिती द्या, अर्ज भरायला मदत करा. पण कर्जानं भट्टी पेटते, ती पेटती ठेवायला गिऱ्हाईक लागतं, आणि ते आपणच आहोत.

म्हणून हौशी मंडळींना माझं सांगणं असं. सुरा सांगायला जाल तेव्हा त्यानं काय कापायचं ते नीट सांगा. कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून न्या, आपला तळहात दाखवा. पात्याची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत अखंड ठेवायला सांगा. इसार द्या, म्हणजे त्याला पाटा आणि लाकूड विकत घेता येईल. तारीख त्याला ठरवू द्या, आणि मधल्या दिवसांत त्याच्या दारात तगादा लावू नका. काम पाहायला मात्र जरूर जा. तासभर बसून पाहिलंत, तर त्याचा भाव जास्त वाटणार नाही. सुरा हाती आला की मुठीला जवसाचं तेल चोळा. जवसाचं तेल लाकडात मुरून वाळतं आणि पावसाळ्याची ओल सहजी आत जाऊ देत नाही. पातं वापरून झालं की कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा. कमानपाट्याला गंज लवकर धरतो, पण रोजच्या वापरातल्या पात्याला तो सहसा शिवत नाही.

कायद्याचंही भान असू द्या. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं घरकामाचं, शेतीचं किंवा उद्योगातलं अवजार नसेल, तर ते शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकतं. जंगलवाटेच्या सुऱ्याला चार-पाच इंच पुरतात. आणि मेळघाटच्या अभयारण्यात परवानगीवाचून हत्यार नेता येत नाही, तिथली काडीही तोडायची नाही. आपला सुरा आपल्या शेतात, आपल्या अंगणात चालवा. त्याला तिथं भरपूर काम आहे.

श्रोतेहो, हातानं घडलेल्या पात्याची किंमत रुपयांत थोडी मोजता येते. उरलेली किंमत आपण वेळ देऊन चुकती करतो. लाकूड वाळण्याचा, पोलादाचा रंग ओळखण्याचा आणि एका माणसाचं कसब शाबूत राहण्याचा वेळ. अखजीला अजून अवकाश आहे. या आठवड्यात आपल्या गावच्या, आपल्या मोहल्ल्यातल्या लोहाराकडं एकदा जा, काम सांगा आणि त्याला हवे तेवढे दिवस द्या.