दारावरचा पोरगा दिग्दर्शक झाला



"पोरगं सिनेमाच्या नादी लागलंय, गुरुजी. याचं काय करावं?" असं विचारत किती तरी आईबाप आमच्याकडे येत. गुरुजींनी दोन छड्या माराव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा असे. पण छडीनं आवड मरत नाही. ती लपून बसते. मग एक दिवस पोरगं घरात न सांगता मुंबईची गाडी धरतं. तेव्हा या आवडीचं करायचं काय? आज आम्ही तुम्हांला एका माणसाची हकिगत सांगणार आहोत. उत्तर तिच्यातच आहे.

कोल्हापूरला १९०१ साली शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना व्ही. शांताराम या नावाने ओळखू लागला. त्यांचं शाळाशिक्षण फार झालं नाही. कोवळ्या वयात ते गंधर्व नाटक मंडळीत गेले, आणि थोड्याच काळात परत आले. पुढे ते हुबळीला राहिले.

हुबळीला रेल्वेचा कारखाना होता. तिथे ते दिवसा काम करीत. कारखाना सुटला, की पत्र्याच्या एका सिनेमाघरात दुसरी नोकरी. दारावर उभं राहायचं, सांगतील ते करायचं. पगार महिना पाच रुपये. पण सिनेमा बघायला मिळे, हीच मोठी कमाई! त्या काळी सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं हलत, पण बोलत नसत. दादासाहेब फाळके यांची चित्रं शांताराम यांनी तिथेच पाहिली. पाट्या रंगवायचं आणि फोटोचं कामही ते हुबळीतच शिकले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, मंडळी. सिनेमाचं वेड होतं, म्हणून त्यांनी हातातलं काम टाकलं नाही. उलट त्या वेडापायी दुसरं काम अंगावर घेतलं.

१९२० साली ते कोल्हापूरला बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. हे बाबुराव मोठे कारागीर. चित्र काढणारा कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला होता. असा गुरू मिळाल्यावर शांताराम यांनी कुठलंच काम हलकं मानलं नाही. झाडलोट असो, सामान उचलणं असो, रंगकाम असो, पडेल ते केलं. १९२१ साली 'सुरेखाहरण' या चित्रात ते कृष्ण झाले. १९२५ साली 'सावकारी पाश' निघालं. त्यात ते शेतकरी झाले. त्या शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, आणि तो शहरात गिरणीमजूर होतो. आपल्या बापजाद्यांनी असे सावकार पाहिलेले आहेत.

मग १९२७ साली त्यांना 'नेताजी पालकर' या चित्राचं दिग्दर्शन मिळालं. दिग्दर्शक म्हणजे कोण? घर बांधताना गवंडी असतो, सुतार असतो, लोहार असतो. त्या सगळ्यांकडून काम करून घेणारा एक मुख्य मिस्त्री लागतो. सिनेमात तो मिस्त्री म्हणजे दिग्दर्शक. शांताराम तिथवर पोचले ते सात वर्षं राबून.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली त्यांनी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. पैसा आला, नाव झालं. पण नुसती करमणूक करून ते थांबले नाहीत. 'कुंकू' १९३७ सालचं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी त्यात म्हणते, हा संसार मी मानणार नाही. 'शेजारी' १९४१ सालचं. त्यात एका गावातले हिंदू आणि मुसलमान, दोघे जिवलग मित्र. धरणाच्या पायी त्यांच्यात भांडण लावलं जातं. ही घरातली आणि गावातलीच दुखणी आहेत.

१९४२ साली त्यांनी मुंबईत राजकमल ही स्वतःची संस्था काढली. १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' आलं. एक जेलर सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो, अशी ती गोष्ट. औंध संस्थानात स्वतंत्रपूरला अशी उघडी तुरुंगवसाहत खरोखरच होती. या चित्रात बैलाशी झुंज आहे. ती घेताना शांताराम यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ दिसेनासं झालं. तरी चित्र पुरं केलं. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. बर्लिनलाही बक्षीस मिळालं. १९९० साली ते वारले.

आता तुमच्या घरातल्या पोराकडे वळू. त्याला सिनेमा आवडतो ना? मग त्याला विचारा, "तुला त्यातलं कोणतं काम करायचं आहे?" सिनेमाला सुतार लागतो, रंगारी लागतो, शिंपी लागतो, दिव्यांचं काम जाणणारा लागतो, गोष्ट लिहिणारा लागतो. यातलं एखादं काम गावाजवळच शिकता येतं. त्याचा हात बसू द्या. आणि शाळा मात्र सोडू देऊ नका. पुण्याला प्रभातच्याच जागेत १९६० पासून सरकारी सिनेमाशाळा आहे. पण तिचं दार गाठायचं तर आधी शिकलेलं असावं लागतं.

मुलगीही हे विचारील. तिलाही हेच सांगा.

नुसतं बघत बसणारा बघ्याच राहतो. बघता बघता हात चालवतो, तो कारागीर होतो.