घर बांधण्यापूर्वी : ऊन, वारा आणि वीज

(पनवेल तालुक्यातील ओवे येथे घरबांधणीस निघालेली कुटुंबे, शिक्षक व परिसरातील पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्यापैकी अनेकजण यंदा किंवा पुढील वर्षी घर बांधणार आहेत. कोणी गावठाणातील जुने घर उतरवून, तर कोणी साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावर. तयार सदनिका विकत घेणाऱ्यास खिडकी कोणत्या भिंतीत असावी, हे ठरविता येत नाही. स्वतः घर बांधणाऱ्यास तो अधिकार पूर्णपणे असतो. म्हणूनच कमी विजेत गार राहणाऱ्या घराचा विषय येथे मांडावा, असे ठरविले. मी स्थापत्यविशारद नव्हे. शासनाची आणि शास्त्राची माहिती लोकांपर्यंत पोचविणे एवढेच माझे काम. परंतु या विषयातील बहुतेक गोष्टी कोणाही जाणत्या गृहस्थास पटण्याजोग्या आहेत.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा खारघर-तळोजे हा पट्टा भातखाचरांचा होता. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. या अर्धशतकात शेते गेली, रस्ते आले, आणि त्याबरोबर घराचे रूपही पालटले. कौलारू घराच्या जागी तीन मजली स्लॅबचे घर उभे राहिले. जमिनीचा मोबदला आयुष्यात एकदाच मिळतो आणि त्यातील मोठा भाग घरात जातो. अशा घरात एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावर झोपता येत नसेल, म्हातारी माणसे जिन्यात हवा घेत बसत असतील आणि तीन खोल्यांत तीन वातानुकूलन यंत्रे लावावी लागत असतील, तर त्या खर्चाचा हिशेब पुन्हा तपासला पाहिजे.

आपल्या हवेचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो; आपण मात्र उष्ण व दमट विभागात मोडतो. हा भेद कागदी नव्हे. विदर्भात जाड भिंती बांधून दिवसा खिडक्या मिटून घेतल्या की घर गार राहते. वाळ्याचा कूलरही तेथे उत्तम चालतो. आपल्याकडे हवाच ओलसर असल्याने कूलर फारसे काम देत नाही. घाम सुकत नाही, त्यामुळे कमी तापमानही शरीरास जड जाते. भारतीय हवामान विभाग सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. १६ एप्रिल २०२३ रोजी येथून जवळच, खारघरच्या मैदानावर, उन्हाने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा आपल्या घराने दोन कामे केली पाहिजेत : ऊन भिंतीवर व छपरावर पडण्यापूर्वीच अडविणे आणि वारा माणसाच्या अंगावरून वाहू देणे.

सूर्य कोठून येतो?

पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. शिक्षक बंधूंनी शाळेच्या पटांगणात एक बांबू रोवून मुलांकडून वर्षभर सावली मोजून घ्यावी. भूगोलाचा धडा होईल आणि गावातील घर बांधणाऱ्यांना आयती माहिती मिळेल.

या सूर्यगतीचा घराशी संबंध असा. दक्षिणेकडील चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला, तर मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारचे ऊन तिच्यातून आत येत नाही. पश्चिमेची गोष्ट निराळी. मे महिन्यात सायंकाळी पाच वाजता सूर्य इतका खाली उतरलेला असतो की, तेवढीच खिडकी झाकण्यास छज्जा सात-साडेसात फूट लांब लागेल. असा छज्जा कोणी बांधीत नाही. परंतु सात-आठ फूट रुंदीची पडवी आपले आजोबा बांधीत होते, आणि तिचे छप्पर पुढे इतके उतरते असे की उंच माणसास वाकून आत यावे लागे. ते वाकणे म्हणजे निव्वळ गरिबी, असे आपण समजू लागलो. वस्तुतः उतरत्या सूर्यास आणि नैऋत्येकडून येणाऱ्या झडीस अडविण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

यात एक पेच आहे, तोही समजून घेतला पाहिजे. उन्हाळ्यातील दुपारचा समुद्रवारा आणि पावसाळी वारा दोन्ही आपल्याकडे मुख्यत्वे पश्चिमेच्या अंगाने येतात. म्हणजे ज्या दिशेस वाऱ्यासाठी खिडकी हवी, त्याच दिशेने तापदायक ऊन आणि पाऊस येतो. पश्चिमेची भिंत सरसकट बंद केली, तर घर कोंदट होते; मोठी काच लावली, तर भट्टी होते. पडवी, खोल गॅलरी किंवा बांबूचा पडदा हे यावरचे मार्ग होत. पडदा नेहमी काचेच्या बाहेरच्या बाजूस असावा. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेले ऊन घरात शिरलेलेच असते. पश्चिमेस जिना, न्हाणीघर, शौचालय किंवा सामानाची खोली ठेवली, तर निजण्याच्या खोल्या आपोआप वाचतात. हा बदल नकाशावर फुकट होतो. घर उभे राहिल्यावर कोणत्याही किमतीस होत नाही.

खिडकी किती आणि कोणती?

केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांवर बंधनकारक नाही. पण तिच्यातील एक प्रमाण प्रत्येकाने लिहून घ्यावे. उष्ण-दमट विभागात घराच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश इतकी उघडणारी जागा असावी, असे ती सांगते. कोरड्या उष्ण विभागास एक-दशांश पुरते. बारा फूट बाय दहा फुटांच्या खोलीस या हिशेबाने वीस चौरस फूट उघडीप हवी. येथे 'उघडणारी' या शब्दावर भर आहे. पाच बाय चार फुटांची सरकती खिडकी दिसते वीस चौरस फुटांची, पण तिची निम्मी काच सदैव मिटलेली असते. जुन्या पद्धतीची दोन पाखांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. सरकत्या खिडकीची आज इतकी चलती आहे की, गवंडी विचारीतही नाही. म्हणून मालकानेच सांगावे.

वारा आत येण्यास त्याला बाहेर जाण्याची वाटही लागते. समोरासमोरच्या भिंतींत उघडीप नसेल, तर एका भिंतीतील दोन मोठ्या खिडक्याही फारशा उपयोगी नाहीत. गावठाणात दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असते, तेथे जिन्याची वरची बाजू जाळी लावून उघडी ठेवावी. गरम हवा तेथून वर निघून जाते व पुढच्या दाराने थंड हवा ओढली जाते. मात्र भूखंडाचा प्रत्येक चौरस फूट बांधून काढला, की हे उपाय थिटे पडतात.

या संदर्भात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत आखली. भूखंड अवघे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. तरीही सात-सात घरे आठ मीटर चौरस अंगणाभोवती मांडली. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही, जेणेकरून प्रत्येक कुटुंबास ऐपतीप्रमाणे, स्थानिक गवंड्याकरवी, घर वाढविता यावे. पुढे अनेकांनी मूळची उतरत्या छपराची घरे पाडून काँक्रीटची उंच घरे बांधली; कुटुंबे वाढली, त्यास इलाज नव्हता. त्यातून घ्यावयाचे ते इतकेच की, एवढ्याशा भूखंडावरही आकाशाला उघडी जागा आधी राखून मग खोल्यांची आखणी करता येते. शेजारच्या दोघा भावांनी आपापल्या बाजूचे चार-चार फूट एकाच जागी मोकळे सोडले, तर आठ फुटांची गल्ली होते आणि दोघांच्याही खिडक्यांस वारा मिळतो.

छप्पर

उन्हाळ्यात सर्वांत अधिक ऊन छपरावर पडते. काँक्रीटचा उघडा स्लॅब ते दिवसभर साठवितो आणि रात्री खाली सोडतो. निजावयास जावे तेव्हाच खोली तापलेली असते. कौलारू छप्पर पातळ असल्याने सूर्यास्तानंतर लवकर निवते, कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते आणि मधला माळा उरलेली उष्णता अडवितो. तरीही कौलारू घराकडे परत चला, असे सांगण्यास मी आलेलो नाही. दरवर्षीची शाकारणी, वानरांचा उपद्रव, आणि वर मजला चढविण्याची अडचण ही सारी कारणे खरी आहेत. स्लॅब घाला, पण त्यास उघडे ठेवू नका.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याच्या पांढऱ्या हाताचा. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकतो. आपल्या पावसात हा हात टिकत नाही, म्हणून तो दरवर्षी फाल्गुनात द्यावा; शाकारणी करणाऱ्या घराण्यांना एवढे काम जड वाटू नये. अधिक टिकाऊ हवे असल्यास पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवावी. तेलंगण राज्याने एप्रिल २०२३ मध्ये शीत छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याकडे गळतीच्या भीतीने गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची रीत पडली आहे. तिच्या बाजू उघड्या असतील, तर स्लॅबवर सावली राहते आणि वाराही खेळतो. बाजू बंद करून तेथे खोली केली, की ती खोली तापते. अशा शेडसाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगणे न लगे.

भिंतींबद्दल थोडक्यात. राखेपासून केलेले हलके ठोकळे विटेपेक्षा उष्णता कितीतरी कमी आत सोडतात. केरळात, आपल्यासारख्याच पावसाच्या मुलखात, लॉरी बेकर यांनी वीट कडेवर उभी रचून मधे पोकळी ठेवण्याची बांधणी रूढ केली; तीत विटा सुमारे चतुर्थांशाने वाचतात. ज्या गवंड्याने ती कधी केलेली नाही, त्याच्याकडून मात्र थेट आपल्या घरावर प्रयोग करून घेऊ नये. काही झाले तरी सावलीतील साधी वीट उन्हातील महागड्या ठोकळ्यापेक्षा बरी.

आता विजेकडे वळू. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण जोराने चालते, तेव्हा सुमारे दीड किलोवॉट, म्हणजे असे पन्नास पंखे. तापलेल्या स्लॅबखाली ते अधिक वेळ जोराने चालते. यंत्र लावावयाचेच असेल, तर एकच खोली त्यासाठी ठरवावी, ती सर्वांत वरच्या मजल्यावर नसावी, आणि तापमान २४ अंशांवर ठेवावे.

गच्चीवरील सौरऊर्जेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तीत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेस एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरविले गेले. एका किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते व दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या दक्षिणेस आली, तर त्यांची सावली हिवाळ्यात पॅनेलवर पडते. म्हणून ती उत्तरेस घ्यावी. पॅनेलची चौकट माणूस उभा राहील इतकी उंच केली, तर स्लॅबवर सावली पडते आणि खाली वाळवण, कपडे, मुलांचा अभ्यास यांस जागा राहते. चौकटीचे खांब स्लॅब ओततानाच अभियंत्यास सांगून धरून घ्यावेत. नंतर छिद्रे पाडली, तर पहिल्याच पावसात गळती सुरू होते.