अपयशाला समुद्र हवा
(यवतमाळ जिल्ह्यातील विज्ञानप्रेमींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळपासून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तरीही २०२४च्या ऑगस्टअखेरीस अटलांटिक महासागरात एका अग्निबाणाचा बूस्टर तराफ्यावर कोसळला, तेव्हा येथल्या आकाशप्रेमी तरुणांत त्याची चर्चा रंगली. अमेरिकेतील स्पेसएक्स या खाजगी कंपनीचे फाल्कन-९ हे अग्निबाण २८ ऑगस्टला फ्लोरिडाहून उडाले, २१ उपग्रह कक्षेत सोडण्याचे आपले काम त्याने चोख केले, आणि त्याचा पहिला टप्पा मात्र परत येताना तराफ्यावर टेकून, ज्वाळांत वेढला जाऊन उलथला. त्या टप्प्याचे ते तेविसावे उड्डाण होते. सलग २६७ वेळा यशस्वी ठरलेली उतरणीची मालिका त्या दिवशी खंडित झाली.

अशा प्रसंगी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, कोट्यवधींचा चुराडा पाण्यात गेला. भुकेल्या जगाला हे परवडणारे नाही. दुसरा पक्ष म्हणतो, जे यंत्र बावीस वेळा सुखरूप परतले ते तेविसाव्या वेळी पडले तर त्यात नवल कसले? अपयश हीच यशाची पहिली पायरी होय. दोन्ही मतांत तथ्यांश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कारण दोघेही एक प्रश्न विचारायचे विसरतात. हे अपयश कोठे घडले, त्याच्या खाली कोण उभे होते आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला?

प्रथम मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. अग्निबाणाचा पहिला टप्पा हा त्याचा सर्वांत मोठा आणि महाग भाग. उड्डाणानंतर सुमारे अडीच मिनिटांत त्याचे काम संपते व तो गळून पडतो. पूर्वी तो सरळ समुद्रात बुडत असे. फाल्कनचा टप्पा गळल्यावर वायूच्या फवाऱ्यांनी आपली दिशा बदलतो, वातावरणात शिरताना इंजिने पुन्हा पेटवून वेग कमी करतो, जाळीदार पंखांनी तोल सावरतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत पुन्हा इंजिन पेटवून चार पायांवर उभा राहतो. चाळीस मीटरांहून उंच असा हा पोकळ खांब लाटांवर हलणाऱ्या फलाटावर उभा करायचा असतो. प्रक्षेपणस्थळी माघारी यावयाचे तर इंधन फार लागते, आणि जेवढे इंधन राखून ठेवावे तेवढा उपग्रहाचा भार कमी करावा लागतो. म्हणून टप्पा जेथे सहज पोहोचेल तेथेच समुद्रात तराफा नेऊन ठेवतात. त्या तराफ्यावर उतरणीच्या वेळी माणूस नसतो. नेम चुकला तर लोखंड मोडते, माणूस मरत नाही.

ही विद्या पहिल्याच फटक्यात हाती आली नाही. तराफ्यावर उतरवण्याचे पहिले तीन प्रयत्न फसले. जानेवारी २०१५मध्ये जाळीदार पंख हलवणारे तेलच ऐन वेळी संपले. एप्रिल २०१५मध्ये इंजिनाचा जोर आवरणारी झडप मंदावली आणि टप्पा कलंडला. जानेवारी २०१६मध्ये तो अलगद टेकला, पण एका पायाची खीळ बसली नाही आणि तो आडवा झाला. ८ एप्रिल २०१६ रोजी तो प्रथमच तराफ्यावर स्थिर उभा राहिला. दर वेळी कारण शोधले गेले, ते जाहीर झाले आणि पुढल्या वेळी तो दोष दुरुस्त झाला. २०१७मध्ये तर कंपनीने आपल्या स्फोटांची चित्रफीतच लोकांसाठी खुली केली.

खाजगी साहसाचा हा विजय म्हणून ही कथा सांगितली जाते. पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. फसलेल्या पहिल्या तीन उड्डाणांपैकी दोन उड्डाणे अमेरिकन सरकारच्या नासा या संस्थेसाठी अंतराळस्थानकाला रसद पोहोचवणारी होती. तिसरे उड्डाण सागरपातळी मोजणाऱ्या, अमेरिकन व युरोपीय सार्वजनिक संस्थांच्या उपग्रहासाठी होते. उपग्रह वा रसद मार्गी लावण्याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून आधीच ठरलेले होते आणि ते काम झाल्यावर उरलेल्या टप्प्यावर कंपनीने आपले प्रयोग केले. डिसेंबर २००८मध्ये, कंपनी कडेलोटाच्या टोकावर असताना, नासाने तिला बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरांचे कंत्राट दिले होते. अभियंत्यांच्या बुद्धीचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु त्या बुद्धीला पडून पुन्हा उठण्याची जी उसंत मिळाली, ती बाजाराने नव्हे, समाजाने पुरवली होती.

याच धड्याचे एक स्वदेशी उदाहरण आहे आणि ते अधिक जुने आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून भारताचे पहिले उपग्रहवाहक अग्निबाण, एसएलव्ही-३, उडाले. सतरा टन वजनाचे, चार टप्प्यांचे ते यंत्र चाळीस किलोचा उपग्रह नेण्यासाठी बांधले होते. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतील एक झडप नीट मिटली नाही, तिच्यातील आम्ल गळून गेले, तोल सुटला आणि ३१७ सेकंदांत सारे बंगालच्या उपसागरात विसावले. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. पत्रकारांपुढे मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थेच्या वतीने स्वीकारली. पुढल्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, रोहिणी उपग्रह कक्षेत स्थिरावला, तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केले. या प्रसंगातील मोठेपणा सर्वजण वाखाणतात. त्यामागची व्यवस्था मात्र क्वचितच कोणी पाहतो. पूर्वेला मोकळा समुद्र असलेली किनारपट्टी प्रक्षेपणासाठी निवडलेली होती. चौकशी करणारी समिती होती. दुसऱ्या प्रयत्नासाठी निधी होता. कोणाच्या घरावर जप्ती आली नाही. एका गरीब देशाने आपल्या तंत्रज्ञांना चुकण्याचा हक्क दिला होता आणि त्या हक्काचे व्याज देश आजही खातो आहे.

परत येणाऱ्या यानाच्या बाबतीतही इस्रोने हाच क्रम पाळला. २३ मे २०१६ रोजी पंखवाल्या यानाची पहिली चाचणी झाली, तेव्हा ते मुद्दामच बंगालच्या उपसागरात उतरवले. २ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातील चल्लकेरे येथे, साडेचार किलोमीटर उंचीवरून हेलिकॉप्टरने सोडल्यावर, तेच तंत्र धावपट्टीवर आपोआप उतरले. आधी पाणी, मग जमीन. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढील पिढीच्या अग्निबाणासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले आणि त्याचा पहिला टप्पा परत वापरता येण्याजोगा करावयाचे ठरले. त्या वाटेवर उद्या काही टप्पे समुद्रात कोसळतील. ते कोसळले म्हणून ओरड करण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक वेळी कारणांचा अहवाल लोकांसमोर येतो की नाही, यावर लोकांनी डोळा ठेवला पाहिजे. पैसा त्यांचा आहे.

आता समुद्र सोडून जमिनीकडे वळू. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. कोणी उल्का म्हटले, कोणी विमान कोसळले म्हटले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात, धातूचे एक भलेमोठे कडे मोकळ्या जागेत पडलेले आढळले. परिसरात पोकळ गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी अग्निबाणाचा, लाँग मार्च-३बीचा, तिसरा टप्पा त्या संध्याकाळी वातावरणात शिरला होता, असा निष्कर्ष उपग्रहांच्या मार्गांचा मागोवा ठेवणाऱ्या अभ्यासकांनी काढला. कोणी दगावले नाही, हे केवळ नशीब.

दोन्ही प्रसंगांतील भेद येथे स्पष्ट होतो. अटलांटिकमधील टप्पा ठरलेल्या ठिकाणी पडला, कारण तो कोठे पडावा याचा विचार आधीच झाला होता. लाडबोरीचा टप्पा काम संपल्यावर कक्षेत तसाच टाकून दिला होता. तो कधी आणि कोणाच्या अंगणात उतरेल, याचा विचार करण्याची गरज कोणाला वाटली नाही. आणि हा दोष एकट्या चीनचा नव्हे. अमेरिकेची स्कायलॅब जुलै १९७९मध्ये अशीच पडली आणि तिचे तुकडे ऑस्ट्रेलियात विखुरले. त्याआधी, जानेवारी १९७८मध्ये, सोव्हिएत संघाचा अणुशक्तीवर चालणारा कॉसमॉस-९५४ कॅनडाच्या बर्फावर कोसळला. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या हानीची पूर्ण जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राची असते. त्या कॉसमॉसबद्दल कॅनडाने साठ लक्ष डॉलर मागितले, १९८१मध्ये तीस लक्षांवर तडजोड झाली. पण हा दावा राष्ट्राने राष्ट्रावर करावयाचा असतो. लाडबोरीच्या एखाद्या शेतमजुराचे छप्पर मोडले असते, तर त्याची कैफियत दिल्लीमार्गे बीजिंगला जावी लागली असती. तिला किती वर्षे लागली असती, हे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरे उदाहरण खुद्द या जिल्ह्यातील आहे, आणि ते सर्वांत दुःखद. महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथील एक तरुण, शाळा आठवीत सुटलेला, पत्र्याचे व वेल्डिंगचे काम करणारा. त्याने मोटारगाडीचे इंजिन घेऊन स्वतःच्या हातांनी एक आसनाचे हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१मध्ये, स्वातंत्र्यदिन चार-पाच दिवसांवर आला असताना, रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, आणि पात्याचा घाव बसून तो मरण पावला. वय अवघे चोवीस. वर्तमानपत्रांनी त्याला चित्रपटातील नायकाची उपमा दिली आणि विषय संपवला.

पंखा तुटणे ही अभियांत्रिकीतील नित्याची घटना आहे. मोठ्या संस्थांत पंखे मुद्दाम तुटेपर्यंत फिरवतात, पण ते जाड भिंतीआड, दूरवरून, कोणी जवळ नसताना. तीच झडप, तीच खीळ, तेच पाते. एका ठिकाणी ते अहवालातील एक ओळ होते आणि दुसऱ्या ठिकाणी एका घराचा कर्ता मुलगा घेऊन जाते. बुद्धी दोन्हीकडे होती, जिद्द दोन्हीकडे होती. फुलसावंगीला समुद्र नव्हता, एवढाच फरक. कोरडवाहू कापूस पेरणाऱ्या या जिल्ह्याला हा फरक परका नाही. पाऊस चुकला म्हणून फसलेली पेरणी कोणी प्रयोग म्हणून नोंदवत नाही. ती कर्ज म्हणून नोंदवली जाते.

तेव्हा पहिल्या पक्षाला उत्तर असे की, समुद्रात पडलेला बूस्टर हा अपव्यय नव्हे. ज्ञान मिळवण्याची ती किंमत आहे आणि ती वाजवी आहे. दुसऱ्या पक्षाला उत्तर असे की, अपयश ही यशाची पायरी खरीच, पण ज्यांच्या पायाखाली जिना आहे त्यांच्यासाठीच. इतरांसाठी ती दरी असते. २०२० नंतर सरकारने इस्रोची चाचणीकेंद्रे व प्रक्षेपणतळ खाजगी कंपन्यांना खुले केले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या एका कंपनीचे छोटे अग्निबाण श्रीहरिकोटाहूनच उडाले. लोकांच्या पैशाने उभारलेला समुद्र भांडवलदाराला वापरायला देता येतो, तर त्याचा एक लहानसा हौद तालुक्याच्या कारागिराला का देता येऊ नये?

मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला जोडून एक सार्वजनिक प्रयोगशाळा असावी, जेथे शाळेचा दाखला न मागता कारागिराचे यंत्र तपासले जाईल. फिरते यंत्र माणसापासून दूर राहील असे भिंतीआडचे चाचणीस्थान असावे. मार्गदर्शक अभियंता असावा आणि प्रयोग करणाऱ्याचा विमा सरकारने भरावा. जो प्रयोग फसेल त्याची कारणे मराठीत लिहून ठेवावीत, म्हणजे उमरखेडच्या मुलाची चूक वणीच्या मुलाला पुन्हा करावी लागणार नाही. या जिल्ह्यातील विज्ञानप्रेमी मंडळींनी आकाश जरूर पाहावे, दूरच्या समुद्रातील उतरणीची चर्चाही जरूर करावी. पण त्याबरोबर ही मागणी घेऊन जिल्हा परिषदेच्या दारातही जावे. ज्या समाजात धडपडण्याची मुभा केवळ श्रीमंतांना असते, तेथे नवे शोधही त्यांच्याच मालकीचे होतात.